पयलो चान्स तेचो

गाऱ्हाणं देवळात घालतात, नव्या घराच्या पायाला घालतात, जत्रेतल्या नाटकाचा पडदा वर जाण्याआधी घालतात. व्हिडिओ गेमला गाऱ्हाणं घालणारी बाई मात्र अख्ख्या डिचोली तालुक्यात एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या शेजारी राहते.

दुपारचे तीन म्हणजे आमच्या कारापुरात कुत्रंसुद्धा उगाच भुंकत नाही. मी माशाचं हुमण-भात जेवून, दारापुढच्या बाल्कांवात पाय पसरून बसलेला असतो. डोळा आता लागणार, इतक्यात पलीकडच्या घराच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, खणखणीत आवाज येतो.

"हे देवा म्हाराजा! आज तुज्या नावान ह्यो जो डबो लायलेलो आसा, त्येची वायर तापाक देव नको म्हाराजा!"

मग ती थांबते. कशासाठी थांबते ते मला ठाऊक असतं. गाऱ्हाण्याला होकार देणारा कोणीतरी लागतो, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही, अशी आपली रीत. वयनी घरात एकटी. मग होकार कोण देणार? मी. डोळे न उघडता मी ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

"टीव्हीत मुंग्यो येव देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लायट जाव देव नको म्हाराजा!"

हा होकार मी अगदी मनापासून देतो, कारण डोक्यावरचा पंखा माझाही असतो.

"आणि ह्या घराचो झील जंय आसा थंय त्येका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग पेटीतून माकडाने बाजा वाजवावा तसं टुंई-टुंई-टुंई सुरू होतं, आणि माझ्या झोपेचं वाटोळं होतं. गाऱ्हाणं घालणं हे पुरुषमाणसांचं काम, असं मी एकदा तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग तुमी येवन घाला." विषय तिथेच मिटला.

तर ही शालनवयनी. पासष्टी कधीच ओलांडली. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, केसांत अबोलीचा वळेसर आणि गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. नवरा, ज्याला सगळा वाडा भाऊ म्हणायचा, पाळी गावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज मातीचे ट्रक चालवायचा. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माहेर पेडण्याकडचं, मोप्याचं. त्यामुळे बोली तिकडची, आणि तोराही तिकडचाच. मोप्याला विमानतळ झाला तेव्हा तिने आमच्या वाड्यावर घरोघरी काजूगर वाटले. का, तर "माजो झील आता थेट आजोळाक उतरता!" धावपट्टी नेमकी तिच्या बापाच्या काजींवरून गेली आहे, असं ती छातीठोकपणे सांगते. मी म्हटलं, वयनी, तुमचा वाडा तर पार दुसऱ्या टोकाला. तर म्हणते, "तुमी जल्माक आयलात काय थंय?"

तिचा झील, म्हणजे मुलगा, सिद्धेश. तो आयर्लंडात असतो. कम्प्युटरचं काहीतरी करतो. काय ते मला विचारू नका. त्याने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी मान हलवली.

हा सिद्धेश चौथीत असताना भाऊने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हा डबा आणला. डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा सेट: एक पांढरं खोकं, दोन रिमोट आणि एक जाडजूड पिवळी कॅसेट. कॅसेटीत एकच गेम. डोक्याला दिवा बांधलेला एक इवलासा माणूस खाणीत उतरतो, धावतो, उड्या मारतो, सोन्याचे खडे वेचतो, वाघळांना चुकवतो आणि लिफ्टमधून आणखी खाली जातो. वयनी त्याला 'झिलगो' म्हणते. भाऊने तो गेम जन्मात एकदाच नीट बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "त्येच्या डोक्यार हेल्मेट आसा मगो?" आहे म्हटल्यावर तो निवांत झोपायला गेला.

त्या गेमचा एक नियम मात्र नीट सांगायला हवा. दोघांनी खेळायचं तर एकदम खेळता यायचं नाही. आधी एक नंबर. त्याला तीन जीव. ते तिन्ही गेले की मग दोन नंबरला चान्स. एक नंबर अर्थातच सिद्धेश. आणि त्याच्याबरोबर खेळायला कोण? भाऊ ट्रकवर, वाड्यावरची पोरं नदीवर. म्हणून दोन नंबर त्याची आई.

आता सिद्धेश खेळण्यात इतका तरबेज, की तो मरतच नसे. मे महिन्याच्या सुट्टीत मी कधी साखरबिखर मागायला त्यांच्याकडे डोकावलो, तर दृश्य ठरलेलं: पोरगं टीव्हीला नाक लावून बसलेलं, आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून वयनी, मांडीवर सोलायला घेतलेल्या फणसाच्या आठळ्या आणि हातात दोन नंबरचा रिमोट. सगळी दुपार ती तशी बसायची. संध्याकाळी म्हशीच्या धारेच्या वेळेला उठायची, तोवर बहुतेक तिचा चान्स आलेलाच नसायचा. मी म्हणायचो, "वयनी, तुमच्या हातात त्या पोराने काठी दिलीय नुसती." ती म्हणायची, "येतलो हो, माजो चान्स येतलो. कोणाक घाई आसा?"

हे वाक्य तेव्हापासून तिच्या तोंडी बसलं ते बसलंच. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर बाकीच्या बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, ही म्हणते, "जावंदी गे, माजो चान्स येतलो." शेजारच्या साखळी शहरात डॉक्टरकडे तेच. आमच्या वाड्यावरचं कोणी म्हातारं माणूस गेलं, की बायका डोळ्यांना पदर लावून रडतात आणि ही त्याच्या पायाला हात लावून शांतपणे म्हणते, "जा बाबा फुडे. माजो चान्स येतलो." लोकांना हसावं की रडावं कळत नाही.

तो डबा अजून चालतो, याचं सगळं श्रेय वयनीच्या सेवेला. आमच्या हवेत चामड्याच्या चपलांना बुरशीच्या मिश्या येतात, तिथे त्या कॅसेटीचं काय व्हायला हवं होतं? पण ती कॅसेट तांदळाच्या डब्यात ठेवते, सुकी राहावी म्हणून. आमची बायको एकदा तिच्याकडून वाटीभर तांदूळ मागायला गेली आणि मापातून कॅसेट घेऊन आली. ऊन चांगलं पडलं की अंगणात कोकमाची सोलं वाळत घालते, त्या चटईच्या कोपऱ्यात दोन रिमोट आणि डबासुद्धा उन्हं खात पडलेले असतात. कावळ्यांना हाकलायला मला सांगते. टीव्हीही त्याच जमान्यातला, पाठीमागे मोठी पेटी असलेला. तो बंद पडला की ती त्याच्या डाव्या अंगावर पसरलेल्या तळव्याने एक थाप देते. उजव्या अंगावर दिली तर रंग जातात.

पण तिची खरी गंमत पुढेच आहे. भाऊ गेला, सिद्धेश परदेशी गेला, आणि वयनी रोज दुपारी एकटीच खेळायला लागली. पहिल्यांदा मी होकार द्यायला म्हणून जनेलाशी गेलो आणि थक्कच झालो. तिने 'दोन खेळाडू' हे बटण दाबलं होतं. एक नंबरचा रिमोट समोरच्या पाटावर ठेवला होता. झिलगो पडद्यावर उभा. हलवायला कोणीच नाही. वाघूळ आलं, त्याला मारून गेलं. परत उभा. परत वाघूळ. असे तिन्ही जीव आपसूक जाईपर्यंत वयनी चहात उंडो पाव बुडवून खात बसली होती. मग तिने दोन नंबरचा रिमोट उचलला.

"अहो वयनी," मी म्हटलं, "एकट्या खेळता तर एकाचाच लावा ना. निम्मा वेळ फुकट जातो."

"पयलो चान्स तेचो," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"एक नंबराचो. आणि कोणाचो?"

मी घरी येऊन बायकोला सांगितलं की वयनीचं आता जरा वयच झालं. बायको म्हणाली, "तुमी आपली झोप बगा."

वयनीची इच्छा एकच होती, आणि ती तिने कधी लपवलीही नाही. सिद्धेश दर दोन-तीन वर्षांनी चवथीला यायचा, पण आला की त्याला दम नसे. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, मामाकडे जेवण, कोणाचं लग्न ठरलं त्याला भेट, आणि मधूनमधून तो फोन. "एकदा माज्यावांगडा बसाक व्हयो, पयल्यासारखो," ती मला सांगायची. "एकच डाव. तवसर ह्यो डबो जगाक व्हयो." मी म्हणायचो, मग त्याला सांगा ना तसं. तर म्हणायची, "सांगान बसयल्यार तां काय बसणां?"

या वर्षी चवथीच्या दोनेक महिने आधी आयर्लंडहून मोठं पार्सल आलं. भिंतीवर लावायचा पातळ टीव्ही साखळीच्या दुकानातून आला, आणि पार्सलातून निघाला एक काळा, गुळगुळीत, नवा सेट. त्यात तोच खाणीचा गेम, नव्याने बनवलेला. फोनवर सिद्धेश म्हणाला, "आई, तोच गेम. पूण आतां कसो केला तो बग! आतां तो जुनो डबो काडून उडय. ना जाल्यार चवथीक आयलो काय हांवच उडयतां." आणि शनिवारी दुपारी, म्हणजे त्याच्याकडच्या सकाळी, दोघांनी इंटरनेटवरून बरोबर खेळायचं, असंही त्याने ठरवून टाकलं.

वयनी माझ्याकडे आली. डबा फेकून द्यायचा म्हणून चेहरा पडलेला. "भावजी, तुमी पंचायतीत निकाल देयत होतात न्हय?"

मी पंचायतीत सेक्रेटरी होतो. निकाल सरपंच द्यायचे, मी फक्त लिहायचो. पण हे मी कोणाला सांगत नाही.

"जुनो बरो काय नवो, ता तुमी बगा आणि चवथीक सिदूच्या तोंडार सांगा. तुमचा आयकतलो तो."

झालं. तेव्हापासून माझी झोप कायमची गेली. एक दिवस जुना, एक दिवस नवा, आणि मी मधोमध खुर्ची टाकून बसलेला, हातात चहाची बशी.

नवा गेम दिसायला काय सुरेख म्हणून सांगू! खाणीच्या भिंतींत हिरेमाणकं लुकलुकतात, दिव्याचा उजेड हलतो, पाणी टपटपतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"अशी खाण खंय आसता?" वयनी म्हणाली. "ह्यां सोनाराचां दुकान. खाण म्हणजे तांबडी माती आणि काळोख. जुन्यात बगा, तांबडा आणि काळा, दोनच रंग. पाळीच्या खाणीर गेल्यासारक्या दिसता."

मी म्हटलं, बरं, हा मुद्दा नोंदवू.

मग वाघळं. नव्यातल्या वाघळांना केस, दात, लाल डोळे, सगळं होतं. "इतकी खरी वाघळां बगूक मी टीव्ही कित्याक लावू? ती आमच्या चिकूच्या झाडार येतत रोज." मग संगीत. जुन्यात तीन सुरांची टुंई-टुंई, नव्यात पन्नास माणसांचा बाजा. "ह्या वाजपात आडाळ्यार नारळ खवन बगा. हात कापतलो." मग मरणं. नव्यात माणूस मेला की जिथल्या तिथे परत उभा राहतो, कितीही वेळा. हे मात्र मलाही आवडलं नाही. आणि कुठे दार आलं, कुठे खड्डा आला, की पडद्यावर बाण येतो: इथे उडी मारा. "माका शिकयता मेलो!" वयनी इतकी चिडली, की मुद्दाम बाणाच्या उलट दिशेला गेली आणि खड्ड्यात पडली.

पण बाई न्यायाची. एकदा खाणीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा ती रिमोट खाली ठेवून बघत बसली. "पाणी मात्र बरां केल्यानी हां. खरां सांगाक व्हया." त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं. पंचायतीत इतकी वर्षं काढली, पण समोरच्याचा मुद्दा कबूल करणारा माणूस मी बघितला नव्हता.

झिलग्याच्या तोंडाचं तिला सगळ्यात जास्त लागलं. जुन्या गेममध्ये त्याला तोंडच नाही. चार चौकोन: एक टोपीचा, एक अंगाचा, दोन पायांचे. नव्यात त्याला निळे डोळे, टोकदार नाक, गालावर खळी.

"हो कोण?" वयनीने विचारलं.

"अहो, तोच. झिलगो."

"तो न्हय. त्या आमच्याक तोंड नाय होता, म्हणान तो कोणाचोय झील दिसायचो. ह्येका आवय-बापूस आसत कोणतरी. माजो कोण तो?"

मी चहा प्यायलो.

शनिवारचं खेळणंही काही जमेना. नव्यात दोघं एकदम खेळतात. सिद्धेशचा तांबड्या टोपीचा झिलगा वाऱ्यासारखा पुढे धावायचा आणि हिचा निळ्या टोपीचा मागे कुठेतरी भिंतीवर आपटत राहायचा. "आई, यो गो! बेगीन!" तो तिकडून ओरडायचा. अर्ध्या तासात त्याला कोणाचातरी फोन यायचा, की खेळ संपला. एका शनिवारी रिमोट ठेवल्यावर ती माझ्या बाल्कांवात येऊन बसली.

"दोगांय एकदम," ती म्हणाली. "मग चान्स खंयचो? कोणी कोणाची वाट बगूची?"

चवथ आली. सिद्धेश आला, आजोळी उतरून. पोरगा आता चाळिशीचा झालाय, कानांवर पांढरे केस. गणपती बसला, माटोळी बांधली, आरत्या झाल्या, पातोळ्या-नेवऱ्या खाऊन झाल्या, गणपती गेला. मामाकडे एक दिवस, मित्रांकडे एक दिवस. वयनी रोज दुपारी डब्याकडे बघायची, त्याच्याकडे बघायची आणि आत निघून जायची. मी दोनदा तोंड उघडलं, तिने दोन्ही वेळा मला डोळ्यांनी दाबलं.

त्याच्या जाण्याचा दिवस उजाडला. संध्याकाळचं विमान, पाचला गाडी दारात येणार. दुपारी जेवण झाल्यावर सिद्धेशने बाह्या सरसावल्या. "जाण्याआधी हो जुनो टीव्ही आणि डबो भायर काडतां. तुजो हॉल मोकळो जातलो." तीन वाजत आले होते.

वयनीने मला हाक मारली. निकालासाठी. मी जाताना मनात सगळे मुद्दे घोळवत होतो: खाणीचा रंग, वाघळं, संगीत, बाण. आत जाऊन बघतो तर ती रोजच्यासारखी डब्यासमोर हात जोडून उभी.

"हे देवा म्हाराजा!"

सगळं गाऱ्हाणं झालं. मी समोर उभा राहून होकार दिले. शेवटचं वाक्य, ह्या घराचो झील जंय आसा थंय, तेही तिने तसंच म्हटलं, झील दोन हातांवर उभा असताना. सिद्धेश हसत होता, हातात टीव्हीची वायर काढण्यासाठी पकड. "उपरांत उडय तू," ती त्याला म्हणाली. "आजचो डाव जावंदी." तिने बटण दाबलं. दोन खेळाडू. एक नंबरचा रिमोट पाटावर ठेवला. झिलगो उभा राहिला. वाघूळ आलं आणि त्याला मारून गेलं.

"आई, तू एकटीच खेळता मगो?" सिद्धेशने विचारलं. "मग एकाचोच लाय. दोगांचो कित्याक?"

"पयलो चान्स तुजो न्हय?" वयनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "तू हंय नाय म्हणान तुजो चान्स मी खाव?"

हातातली पकड त्याने जनेलाच्या कठड्यावर ठेवली. पडद्यावर झिलगो दुसऱ्यांदा उभा होता, हलवायला कोणी नसलेला, आणि वाघूळ येत होतं. सिद्धेश खाली बसला, आईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि त्याने पाटावरचा रिमोट उचलला.

माझा निकाल माझ्या खिशातच राहिला. कोणी विचारलाच नाही.

पोरगा खेळ साफ विसरला होता. दोन उड्या मारल्या, खड्ड्यात गेला. परत उभा राहिला, दगडाखाली आला. "मेलो," तो हसून म्हणाला. "आई, तुजो चान्स."

आणि वयनी खेळायला लागली. मी तिला रोज ऐकत होतो, पण असं बसून शेवटपर्यंत कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या दुपारी काय फुकट गेल्या होत्या? एक लिफ्ट, दुसरी लिफ्ट, तिसरी. वाघळं तिच्या केसाला धक्का लावत नव्हती. सिद्धेश लहानपणी कधी पोचला नव्हता, तिथल्या खाणी आल्या. पहिल्यांदा तो "आई, थंय बग, थंय!" असं ओरडत होता. मग दोन्ही हातांत रिमोट धरून, पाय दुमडून, चाळिशीचा तो बाप्या नुसता बसून राहिला, आपला चान्स कधी येतो ते बघत. खिशात फोन वाजला. त्याने बघितलासुद्धा नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आई, गाडी आयली."

"व्हय."

ती खेळत राहिली. मी झिलग्याकडे बघत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की लिफ्ट समोर आहे, तरी ती त्याला लिफ्टमध्ये घालत नाहीय. पुढे नेते, मागे आणते. एक खडा वेचते, परत मागे जाते. मरत नाही आणि संपवतही नाही. जोवर ती खेळत होती तोवर तो शेजारी बसलेला होता, एवढा साधा हिशोब. मी उगाच चष्मा पुसायला लागलो.

हॉर्न परत वाजला. सिद्धेश हलला नाही. मला वाटतं, तो हललाच नसता. विमान गेलं असतं तरी चाललं असतं त्याला.

वयनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. मग झिलग्याला चालवत चालवत खड्ड्याच्या काठाशी आणलं, आणि उडीच्या बटणावरचं बोट उचललं. झिलगो खाली पडला. तिचा तो शेवटचा जीव होता.

"मेलंय," ती म्हणाली. "ऊठ बाबा. आता तुजो चान्स."

सिद्धेश तिच्या पाया पडला, आणि पाया पडून जरा जास्तच वेळ वाकून राहिला. जाताना त्याने टीव्हीची वायर पाठीमागे नीट घट्ट खोचली आणि मला म्हणाला, "काका, हो टीव्ही कोणाक काडूंक दिवचो न्हय." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आत डब्यावर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. एक नंबरचा झिलगो उभा होता. वयनीने तो बंद केला नाही.

"तुमी रडतात काय भावजी?" तिने मला विचारलं, स्वतःचे डोळे टॉवेलाने पुसत.

"झोप नाही झाली," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी बाल्कांवात पडलो होतो. नव्या सेटचा तो बाजा सुरू झाला. नव्याला ती गाऱ्हाणं घालत नाही. म्हणते, त्येच्या वायरीची काळजी सिदू करीत. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने वयनीचा आवाज आला.

"सिदू! हलणां नाय कसो तू? इंटरनेट गेला काय रे?"

मी उठून जनेलाशी गेलो. पातळ टीव्हीवर निळ्या टोपीचा झिलगा एकटाच धावत होता. तांबड्या टोपीचा मागे, दाराशीच, हात खाली सोडून उभा होता.

"इंटरनेट आसा आई," त्याचा आवाज आला. "आज पयलो चान्स तुजो. तूं मरसर हांव हालचो ना. हांव बसलां हांगा."

वयनी इतकी हसली, की चष्म्याची दोरी सुटून चष्मा मांडीवर पडला.

"आवशीक मर म्हणता मेलो!" ती म्हणाली, आणि चष्मा चढवून तिने रिमोट घट्ट धरला. "मग बस वाट बगीत. मी इतक्यात मरूचंय नाय."

गाऱ्हाणं कोणीच घातलं नव्हतं. तरी मी जनेलाबाहेरूनच म्हटलं, "व्हय म्हाराजा!"